स्ट्रएनकॉपीच्या मॅन पेजवर नुसतं ‘वापरू नका’ लिहून भागेल?

खाडीकाठ:
काल इथे एकाने लिहिलं, सी भाषेतल्या स्ट्रएनकॉपी (strncpy) या फंक्शनच्या मॅन पेजवर, म्हणजे माहितीपानावर, ‘हे वापरू नका’ एवढी एकच ओळ ठेवा, बाकी सगळं उडवा. वाचून डोकं फिरलं. अहो, ते फंक्शन स्ट्रिंगसाठी, म्हणजे शेवटी शून्य बाइट असलेल्या मजकुरासाठी, नव्हतंच! जुन्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या डिरेक्टरीत फाइलच्या नावाला १४ बाइटचा ठरावीक खण असायचा. नाव लहान असेल तर उरलेली जागा शून्यांनी भरायची, पुरतं चौदाचं असेल तर शेवटी शून्य नाही. स्ट्रएनकॉपी अगदी तेच करतं. पहिल्याच ओळीत हे लिहा, कोणी फसणार नाही.

जेटीवरचा:
काल लिहिणारा मीच, आणि शब्द मागे घेत नाही. आंब्याच्या व्यापाऱ्याचं बिलिंग मी लिहिलं होतं. गावाच्या नावाला १८ बाइट, भरायला स्ट्रएनकॉपी. ‘चिपळूण’मध्ये काना-मात्रा धरून सहा चिन्हं, यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे बरोब्बर १८. शून्याला जागाच नाही. पावतीवर ‘चिपळूण’ला चिकटून पुढच्या रकान्यातला मोबाइल नंबर छापून यायचा. देवगड, मालवण १५ मध्ये बसायचे, म्हणून महिनाभर पत्ताच लागला नाही. ऐन मे महिन्यात, पेट्या ट्रकमध्ये चढत असताना, रात्री अकराला फोन. पेज वाचलं होतं मी! इशारा मधेच कुठेतरी होता, घाईत नजरेतून सुटला.

सड्यावरची:
शेवटी शून्य ठेवणारं स्ट्रएलकॉपी (strlcpy) वापरा. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये १९९८ पासून आहे, लिनक्सवरच्या ग्लिबसी या सी लायब्ररीनेही २०२३ मध्ये घेतलं. विषय संपला.

खाडीकाठ:
नाही संपला. १८ च्या खणात ते १७ बाइटच घेणार. ‘ण’चे तीनपैकी दोन बाइट येणार, पावतीवर ‘चिपळू’ आणि पुढे चौकोन. फंक्शन मूळ लांबी परत देतं. ती तपासली तरच कापलं गेल्याचं कळतं. तपासतं कोण?

वेंगुर्लेकर:
अरे बाबांनो, पेज उघडतं तरी कोण? आमच्या कॉलेजात अजून निळ्या पडद्याचं टर्बो सी, सीचा जुनाट कंपायलर. लांबी न बघता ओळ वाचणारं जे गेट्स (gets) फंक्शन सीच्या २०११ च्या मानकातून काढून टाकलं, ते आम्ही वहीत उतरवून घेतलं. मी जीसीसी या आजच्या कंपायलरवर प्रोग्राम केला, तर परीक्षकांनी विचारलं, ‘कोनिओ कुठाय?’ (ती टर्बो सीची हेडर फाइल) आणि मार्क कापले.

सड्यावरची:
मी शिकवते. ऊठसूट मास्तरांना बोलू नका! अभ्यासक्रम आम्ही ठरवत नाही. लॅबमध्ये तीसपैकी अकरा मशीन चालू, पावसाळ्यात वीज गेली की तीही बंद. तरी मी गेट्सऐवजी लांबीची मर्यादा पाळणारं एफगेट्सच शिकवते, स्वतःच्या पेनड्राइव्हवर लिनक्स नेते.

वेंगुर्लेकर:
ताई, तुमच्यावर नव्हतं ते. पण माझे मार्क गेले ते गेलेच. तुमच्यासारखं कोणी तिथे असतं तर गेले नसते.

खाडीकाठ:
मूळ मुद्द्यावर या. जेटीवाले, तुमचा इशारा नजरेतून सुटला कारण तो मधे होता. मी तरी दुसरं काय म्हणतोय?

जेटीवरचा:
ठीक आहे, बाकीचं उडवू नका. पण वरती ठळक लिहा, ‘यातून स्ट्रिंग मिळेलच असं नाही’. तुमचा चौदा बाइटांचा इतिहास त्याच्या खाली. रात्री अकराला माणूस इतिहास वाचत नाही. खण आता मी ६४ चा केलाय.

खाडीकाठ:
आणि लांबी?

जेटीवरचा:
तपासतो. कापलं गेलं तर बिलच पुढे जात नाही.