झायनच्या घळीतली पानगळ: एक्स्पोजर जोडले की पानं दुहेरी दिसतात, कड्याला पांढरी किनार येते

निळी_सावली

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात चार दिवस अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या झायन नॅशनल पार्कात फोटो काढायचे आहेत. फुल फ्रेम कॅमेरा, १६-३५ आणि ७०-२०० अशा दोन लेन्स, ट्रायपॉड आणि पोलरायझर (चमक काढणारा फिल्टर) एवढं सामान आहे. घळीत खाली दाट सावली आणि वर उन्हातला कडा, त्यामुळे ब्रॅकेटिंग (तेच दृश्य वेगवेगळ्या एक्स्पोजरने काढणं) करावंच लागणार. सध्या सरावाला दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरकाने तीन फ्रेम घेते आणि लाइटरूममध्ये एचडीआर मर्ज करते, म्हणजे त्या एकात जोडते. त्यात तीन दोष सारखे येतात. पानं दोन-दोन दिसतात किंवा पुसट होतात. कडा आणि आकाश भेटतात तिथे पांढरी किनार उमटते. आणि सगळा फोटो राखाडी, सपाट वाटतो, सावलीत सावलीपणच उरत नाही. चूक फोटो काढताना होते आहे की जोडताना? आणि त्या आठवड्यात रंग नेमका कुठे असेल?

कातळरेषा

रंगाचं आधी सांगतो, कारण त्यावर बाकीचं ठरतं. झायनच्या वरच्या पठारी भागात बिगटूथ मेपल सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला लाल होतात. तुम्ही जाल तेव्हा ते बहुतेक झडलेले असतील. घळीच्या तळाला, व्हर्जिन नदीच्या काठाने फ्रीमाँट कॉटनवुड आहेत. ते ऑक्टोबरअखेरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पिवळे होतात. म्हणजे मुक्काम तळालाच ठेवा. बिग बेंड, टेंपल ऑफ सिनावावा आणि तिथून नदीकाठाने जाणारी रिव्हरसाइड वॉक ही एका बाजूने साधारण पावणेदोन किलोमीटरची फरसबंद वाट, एवढ्यात चार दिवस सहज जातील. शटल (पार्कची बस) सुरू असते तोवर त्या रस्त्यावर खासगी गाडी सोडत नाहीत. सिनावावा हा शटलचा शेवटचा थांबा.

आता उजेड. तुमचे अर्धे दोष चुकीच्या वेळी चुकीच्या दिशेला कॅमेरा रोखल्याने येत असावेत. घळीतला सुंदर उजेड थेट उन्हाचा नसतो, तो समोरच्या कड्यावर आपटून आलेला असतो. ऊन एका भिंतीच्या वरच्या भागावर पडतं, नवाहो वालुकाश्म ते तांबूस करून समोर फेकतो आणि सावलीतली भिंत आतून पेटल्यासारखी दिसते. सांदण दरीची सवय असलेल्यांना हे नवं वाटेल. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट उजेड पिऊन टाकतो, हा दगड तो परत देतो. म्हणून कॅमेरा उन्हातल्या भिंतीकडे न रोखता तिच्या समोरच्या, सावलीतल्या भिंतीकडे रोखायचा. उन्हातली भिंत फ्रेमबाहेर ठेवायची, आकाशही बाहेर. एवढं केलंत तर उजेडाची तफावत पाच-सहा स्टॉपवर येते आणि आजचा कुठलाही बरा सेन्सर ती एका रॉ फाइलमध्ये (सेन्सरच्या कच्च्या नोंदीत) सांभाळतो. जोडकाम करावंच लागत नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ३७ अंशच वर येतो. त्यामुळे अरुंद भागात हा परावर्तित उजेड सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात सर्वांत चांगला मिळतो. पहाटे आणि संध्याकाळी तळाला नुसती निळसर सावली असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, हे वेळापत्रक आखताना लक्षात असू द्या. त्यानंतर तिथली खरी मध्यान्ह सव्वाबाराच्या आसपास येते.

तिपाई

कातळरेषा यांच्याशी सहमत, पण आकाश कायम बाहेर ठेवा असं मी म्हणणार नाही. उन्हातला कडा आणि त्याच्या पायथ्याशी सावलीतली पिवळी झाडं हा झायनचा फोटो आहेच आणि तो जोडूनच करावा लागतो. आकडे देतो. आयएसओ १००, एफ/११. उन्हातल्या लाल कड्याला साधारण १/२०० सेकंद लागतो. पोलरायझर लावून सावलीतल्या नदीकाठाला १/३ सेकंदापर्यंत जावं लागतं. नुसत्या या दोन भागांच्या एक्स्पोजरमधलाच फरक सहा स्टॉपचा, प्रत्येक भागातली आतली तफावत वेगळी. मग चार फ्रेम घ्या: १/२००, १/५०, १/१३, १/३. फक्त शटर बदला. अ‍ॅपर्चर बदललं तर फोकसची खोली बदलते आणि दोन फ्रेमची काठं एकमेकांवर बसत नाहीत.

पानं दुहेरी होतात त्याचं कारण याच चार आकड्यांत आहे. झाडं सावलीत, म्हणून मर्ज करणारा प्रोग्रॅम त्यांचा तपशील १/१३ आणि १/३ च्या फ्रेममधून उचलतो. घळीत वारा नळीसारखा वाहतो, १/३ सेकंदात पान दोन-तीन सेंटिमीटर हलतं आणि पुढच्या फ्रेममध्ये ते तिसरीकडेच असतं. यावर डीघोस्ट (हललेल्या वस्तूंचे दुहेरी ठसे काढणारी मर्जमधली सोय) हा अर्धवट इलाज आहे. खरा इलाज म्हणजे पानांसाठी पाचवी, स्वतंत्र फ्रेम. अ‍ॅपर्चर तेच, आयएसओ १६००, म्हणजे १/३ चं १/५० होतं. वारा पडला की अशा आठ-दहा घ्या आणि सर्वांत स्थिर एक ठेवा. झाडाचा सगळा भाग त्या एकाच फ्रेममधून यायला हवा. आयएसओ १६०० चा नॉइज पानांच्या गर्दीत दिसत नाही, गुळगुळीत कड्यावर दिसतो, म्हणून कडा आयएसओ १०० च्याच फ्रेममधून घ्यायचा. पाण्याला उलट हवं. १/४ ते १ सेकंदात पाण्याला रेषा राहतात. त्यापुढे गेलात तर सायीसारखं पांढरं होतं, मला ते आवडत नाही.

हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटपाचा आलेख) पाहताना एकत्रित आलेखावर विसंबू नका, लाल, हिरवा, निळा वेगळे पाहा. लाल दगड आणि पिवळी पानं असली की लाल चॅनल आधी जळून त्यातला तपशील जातो, एकत्रित आलेख मात्र ठीक दिसतो. हिस्टोग्राम कॅमेऱ्यातल्या जेपीईजीवरून बनतो, म्हणून पिक्चर स्टाइल न्यूट्रल ठेवा. व्हिव्हिडवर तो खोटं घाबरवतो.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. दर फ्रेमला तो थोडा सरकतो आणि जोडताना ठिगळं दिसतात. शिवाय घळीतला तांबूस उजेड तो दोष समजून पुसतो. ५२०० केल्व्हिनच्या आसपास पक्का करा.

नदीतल्या वाळूत ट्रायपॉड हळूहळू खचतो. पाय आधी दाबून घट्ट बसेपर्यंत खाली ढकला, मगच फ्रेम लावा. स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर. पाण्यात उभं करताना सर्वांत खालची, बारीक नळी आधी पूर्ण उघडायची, म्हणजे कुलूप पाण्याच्या वर राहतं. व्हर्जिनची बारीक रेती पिळायच्या कुलपात गेली की ते आवळेनासं होतं. संध्याकाळी नळ्या उघडून गोड्या पाण्याने धुवा आणि सुकू द्या.

निळी_सावली

दोघांचेही आभार. पानांचं कारण आता कळलं. पांढऱ्या किनारीचं आणि सपाटपणाचं काय? मर्ज सोडून मास्कने हाताने जोडावं का? फोटोशॉप आहे, पण ल्युमिनॉसिटी मास्कला (उजळपणानुसार लेअरचा भाग दाखवणारा किंवा झाकणारा मास्क) अजून हात लावलेला नाही.

सोळाबिट

हाताने जोडा. मर्ज वाईट नाही, पण कुठला भाग कुठल्या फ्रेममधून येतो हे तुमच्या हातात राहत नाही आणि तुमचा सगळा प्रश्न तोच आहे.

आधी रॉमध्ये सगळ्या फ्रेमना तोच व्हाइट बॅलन्स, तेच प्रोफाइल, तीच लेन्स करेक्शन द्या. कॉन्ट्रास्ट कमी ठेवा. १६ बिटमध्ये एकाच फाइलचे लेअर म्हणून उघडा, ८ बिटमध्ये आकाशाला पायऱ्या पडतात. सगळे लेअर निवडून ऑटो-अलाइन. तळाला उजळ फ्रेम, तिच्यावर क्रमाने गडद. गडद लेअरना काळा मास्क लावा, म्हणजे ते झाकले जातात.

आता फक्त उजळ फ्रेम दिसत असताना चॅनल्स पॅनेलमध्ये आरजीबीच्या चित्रावर कंट्रोल दाबून क्लिक करा. उजळपणाच्या प्रमाणात सिलेक्शन होतं. ते नवीन चॅनल म्हणून साठवा, नाव द्या उजळ-१. सिलेक्शन चालू असतानाच कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट तिन्ही दाबून उजळ-१ वर क्लिक केलं की सिलेक्शन स्वतःशीच छेदलं जाऊन आणखी आवळतं, ते उजळ-२. असंच उजळ-३. मग उजळ-२ लोड करा, कंट्रोल-एच ने सिलेक्शनभोवतीची चालत्या मुंग्यांसारखी रेघ लपवा, गडद लेअरच्या मास्कवर मोठ्या मऊ ब्रशने, १५ ते २० टक्के फ्लोने, पांढरा रंग कड्यावरून फिरवा. चार-पाच हलके हात. सिलेक्शन सावली झाकून धरतं, त्यामुळे रंग आपोआप उजेडातच लागतो. एकदम १०० टक्क्यांनी भरलंत तर कडा चिकटवल्यासारखा दिसेल.

पांढरी किनार दोन कारणांनी येते. एक, मास्कला फेदर (मऊ कड) दिल्याने उजळ फ्रेमचं जळालेलं आकाश कडेवर डोकावतं. दुसरं कारण फोटो काढतानाचं: १/३ सेकंदाच्या फ्रेममध्ये आकाश इतकं जळालेलं असतं की त्याचा उजेड लेन्समध्ये पसरून कड्याच्या आणि फांद्यांच्या काठावर सांडतो. ते पिक्सेल त्या फ्रेममध्ये खराबच आहेत, कुठल्याही मास्कने सुधारत नाहीत. म्हणून काठ नेहमी गडद फ्रेममधून घ्या. आकाशासमोरच्या बारीक फांद्या काळपट राहिल्या तर राहू द्या, डोळ्यालाही त्या तशाच दिसतात. किनार उरलीच तर १/५० ची फ्रेम वर ठेवून ब्लेंड मोड डार्कन करा आणि तेवढ्या पट्ट्यातच मास्क उघडा.

आणि सपाटपणा. उजेडाची उतरंड मोडली की फोटो खोटा दिसतो. उन्हातला कडा सर्वांत उजळ, त्याखाली परावर्तित उजेडातली भिंत, मग झाडं, मग पाणी आणि ओले दगड, हा क्रम जोडल्यावरही तसाच राहिला पाहिजे. सहा स्टॉपचा फरक तीनवर आणा, शून्यावर आणू नका. एक पक्की खूण सांगते: पाण्यातलं प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा जरा गडदच असतं. तुमच्या फोटोत ते उजळ झालं असेल तर सावली जास्त उचलली गेली आहे.

पिवळ्या पानांचं सॅच्युरेशन वाढवायच्या मोहात पडू नका. आधीच ती रंगक्षेत्राच्या टोकाला असतात. एसआरजीबीमध्ये (पडद्यांसाठीच्या कमी रंगांच्या व्यवस्थेत) नेताना शिरा नाहीशा होऊन पिवळा डाग उरतो. मी उलट पिवळ्याची ल्युमिनन्स थोडी खाली आणते, रंग आपसूक दाट होतो.

उघडी_खिडकी

फोटोशॉप नसलेल्यांसाठी: हगिन या मोफत प्रोग्रॅमबरोबर एनफ्यूज मिळतं. ते एचडीआर फाइल न बनवता दर ठिकाणी चांगला एक्स्पोज झालेला पिक्सेल निवडतं, त्यामुळे टोनमॅपिंगचा (एचडीआर पडद्याला बसवताना उजेड दाबण्याचा) भडकपणा येत नाही. आधी त्यातल्याच अलाइन-इमेज-स्टॅकमधून फ्रेम जुळवून घ्या, १६ बिट टिफ द्या. हलती पानं मात्र त्यालाही कळत नाहीत, तेव्हा तिपाई म्हणतात ती पाचवी फ्रेम गिंपमध्ये लेअर मास्कने वर बसवावी लागेल.

निळी_सावली

सोळाबिट, उतरंडीचं वाचल्यावर जुने सगळे फोटो पुन्हा उघडून पाहिले. प्रत्येकात प्रतिबिंब मूळ कड्यापेक्षा उजळ! आता शेवटचे दोन प्रश्न. पोलरायझर कायम लावून ठेवायचा का? आणि नॅरोजमध्ये (सिनावावाच्या पुढच्या घळीच्या अरुंद भागात) पाण्यातून किती आत जाता येतं?

कातळरेषा

नॅरोजमध्ये सिनावावाकडून वर बिग स्प्रिंगपर्यंत जाऊन परत यायला परवाना लागत नाही. वरच्या टोकाकडून खाली उतरायचं असेल तर लागतो. पण तेवढं लांब जायची गरज नाही, पहिल्याच काही वळणांत कडे जवळ येतात. प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांच्या वर गेला की मार्ग बंद करतात. त्या दिवसाचा अचानक पुराचा अंदाज पार्ककडून घेऊनच पाण्यात पाय घाला. पाऊस दूर वर पडला तरी पाणी घळीतून येतं आणि बाजूला चढायला जागा नसते. नोव्हेंबरात पाणी गारठलेलं असतं. स्प्रिंगडेल गावात ड्रायसूट, बूट, काठी भाड्याने मिळतात, ते घ्याच. कॅमेरा ड्रायबॅगमध्ये, ट्रायपॉड हातात. ड्रोनला पार्कात बंदी आहे.

पोलरायझर कायम लावून ठेवण्यात तोटा आहे. ओल्या दगडांवरची आणि पानांवरची चमक तो काढतो, रंग खुलतो, त्याची किंमत दीड ते दोन स्टॉप. पण पाण्यावर पडलेलं कड्याचं सोनेरी प्रतिबिंब हीसुद्धा चमकच आहे, तेही तो पुसतो. पाण्याकडे साधारण ३७ अंशांच्या कोनात खाली पाहत असाल तर जवळजवळ पूर्ण पुसतो. तेव्हा व्ह्यूफाइंडरमध्ये पाहत सावकाश फिरवा आणि सोनं दिसेनासं व्हायच्या आधी थांबा. दोन्ही हवं असेल तर एक फ्रेम दगडांसाठी, पोलरायझर पूर्ण फिरवून, आणि दुसरी पाण्यासाठी, उलटा फिरवून. फिरवताना फोकस रिंगला हात लागतो आणि काठं जुळत नाहीत, म्हणून आधी फोकस मॅन्युअलवर टाका. १६ मिमीवर आकाश फ्रेममध्ये असेल तर मात्र काढूनच ठेवा, निळ्यात मधोमध काळपट पट्टा येतो आणि तो नंतर काढणं फार कष्टाचं काम आहे.