पुण्याचा स्वतःचा दगड कोणता म्हणायचा? मला वाटतं कॅव्हनसाइट

नगररोडकर:
राज्याचा प्राणी शेकरू, पक्षी हरियाल, फूल ताम्हण, २०१५ मध्ये फुलपाखरूही ठरलं, ब्लू मॉर्मन. मग पुण्याने आपलं एखादं खनिज का मिरवू नये? परवा मावसभावाला वाघोलीचं कॅव्हनसाइट दाखवलं, पांढऱ्या स्फटिकांवर करडईच्या दाण्याएवढे गडद निळे गोळे, तर तो म्हणे रंग लावलाय कुणीतरी. आपल्याला वाघोली म्हटलं की ट्रॅफिक आणि पाण्याचे टँकर आठवतात, आणि जगभरच्या खनिजं जमवणाऱ्यांना वाघोली हे नाव तोंडपाठ आहे ते या निळ्या दगडामुळे. आपल्यालाच पत्ता नाही याचं फार वाईट वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

पेठेतला:
निळा दगड सुंदर आहे, वाद नाही. पण पुण्याचा दगड म्हणजे काळा दगड. पाताळेश्वर अख्खं एका खडकात कोरलंय, वाड्यांची जोती काळ्या दगडाची, आमच्या घरचं जातं, पाटा, उखळ सगळं त्याचंच. जे रोज हाताला लागतं ते आपलं. कॅव्हनसाइट किती जणांनी पाहिलंय?

खडीमशीन:
मी पाहिलंय, लहानपणापासून. वडील वाघोलीकडे खाणीवर होते. सुरुंग उडाला की मोठे दगड फोडताना मधेच एखादी पोकळी उघडायची आणि आत हे असायचं, वडील ते वर्तमानपत्रात गुंडाळून जेवणाच्या डब्यात घालून घरी आणायचे. आजी म्हणायची, कपड्यांची नीळ कुणी दगडात लपवली गं. नंतर एक व्यापारी आला आणि अख्खी पिशवी शंभर रुपयांत घेऊन गेला, आम्हाला काय माहीत त्याची किंमत. एक तुकडा आईने दिला नाही, तो अजून देवघरात आहे. त्यामुळे माझं मत निळ्यालाच.

सह्याद्री_भूगर्भ:
अहो दोन्ही एकच गोष्ट आहे, भांडताय कशाला. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला, तो थंड होऊन झाला तोच हा काळा दगड; थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्याच पोकळ्या. पुढे गरम पाणी खडकातून झिरपत राहिलं आणि त्यात स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट वगैरे झिओलाइट, म्हणजे अशा पोकळ्यांत वाढणारी स्फटिकासारखी खनिजं, जमले, आणि वाघोलीत त्यांच्यावर कॅव्हनसाइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यावरूनच नाव, निळा रंग व्हॅनेडियमचा. पहिल्यांदा सापडलं अमेरिकेत ओरेगनला, पण इतके देखणे नमुने वाघोलीनेच दिले. पाषाणच्या टेकडीवरचं अपोफिलाइट हे हिरवं खनिजही विसरू नका. काळ्या दगडाशिवाय निळा नाही, एवढंच म्हणतो. आणि खडीमशीन, देवघरातला तुकडा धूप-उदबत्तीपासून लांब ठेवा, पुसायला ॲसिड-बिसिड अजिबात नको, फार नाजूक असतो.

नगररोडकर:
पेठेतला, तुमचं जातं-पाट्याचं पटलं, पण जात्याचा दगड कुठेही मिळतो हो, सातारा घ्या की नाशिक घ्या, अख्खा दख्खनच त्याचा आहे. असा निळा मात्र आपल्या पूर्वेच्या वेशीवर निघतो. निदान वाघोलीतल्या शाळांमध्ये एकेक तुकडा काचेच्या पेटीत असावा, खाली लिहावं "आपल्या गावचा". खडीमशीन, आईंना विचारून त्या तुकड्याचा फोटो टाका ना, दिवसाच्या उजेडात काढा, ट्यूबलाइटखाली तो रंग नीट येत नाही.

खडीमशीन:
रविवारी घरी जाणारे, टाकतो. धुपाचंही आईला सांगतो.