पीएचडीवाल्यांनी सहाची लोकल पकडू नये म्हणे

बदलापूर_स्लो:
परवा इथे एका निवृत्त सरांनी लिहिलं की आजच्या पोरांना संशोधन म्हणजे नऊ ते सहाची नोकरी वाटते, रात्री लॅबमध्ये दिवा दिसत नाही आणि थिसिसआधी पेपर छापायची सक्ती यूजीसीने २०२२ मध्ये काढल्यापासून उरलीसुरली भीतीही गेली. खाली 'अगदी खरं सर'ची रांग.

सर, दिवा दिसत नाही कारण वॉचमन साडेसातला कुलूप घालतो. थांबायचं तर गाईडची सही, एचओडीची सही, वर ऑफिसचा शिक्का, तोही रोज नवा. हॉस्टेलला पीएचडीवाल्यांचा नंबर शेवटी, म्हणून बदलापूर. आणि दिवसभर काय करतो? सेकंड इयरची प्रॅक्टिकल्स, टर्मवर्कच्या फायली, एनबीएची, म्हणजे अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळाची, टीम येणार म्हणून चार वर्षांची हजेरीपत्रकं नव्याने लिहिणं. माझं संशोधन पाचला सुरू होतं. भट्टीचं तापमान स्थिर होईपर्यंत वॉचमनदादा किल्ल्या वाजवत दारात.

खडू_आणि_डस्टर:
ते मीच लिहिलं होतं. वॉचमन, लोकल, शिक्का... सगळं आलं, काम कुठेय? आम्ही पंच कार्डांचा गठ्ठा देऊन दुसऱ्या दिवशी उत्तराची वाट बघायचो. एक स्वल्पविराम चुकला की पुन्हा रांग. तरी पेपर लिहिले. शिवाय तुम्हाला महिना ३७ हजार मिळतात.

बदलापूर_स्लो:
३७ हजार जेआरएफवाल्यांना, म्हणजे राष्ट्रीय परीक्षेतून फेलोशिप मिळालेल्यांना, २०२३ पासून. मी विद्यापीठाची पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, देऊन आलोय. मला टीचिंग असिस्टंटचे मिळतात, तेही बिल मंजूर होईल तेव्हा.

अर्धवेळ_मास्तर:
सक्तीचं गुणगान पुरे. २०१६च्या नियमात एक जर्नल पेपर आणि दोन कॉन्फरन्स होत्या. त्याने काय झालं? पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या. मी खासगी कॉलेजात शिकवत पीएचडी केली, असल्या जर्नलचे मेल रोज यायचे. भुरट्यांना आवरायला यूजीसीने मान्य जर्नलांची केअर यादी आणली, २०२५ मध्ये तीही बंद. पेपर विद्यार्थ्याला नको असतो, सरांच्या प्रमोशनला हवा असतो.

खडू_आणि_डस्टर:
माझ्या प्रमोशनबद्दल बोलायचं काम नाही.

नागदेवी_रिटर्न:
पेपर राहू द्या हो, थर्मोकपल, म्हणजे भट्टीचं तापमान मोजायचे सेन्सर, कोण देणार? माझी भट्टी ९०० अंशांची. के-टाईप मागितले. तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, मग एल-वनवाल्याने, म्हणजे सर्वात कमी दरवाल्याने, जे-टाईप पाठवले, आणि ते साडेसातशेच्या पुढे टिकत नाहीत. परत करायला वेगळी फाईल. शेवटी गाईडने खिशातून पैसे दिले, दुपारी नागदेवी स्ट्रीटला गेलो, चहाच्या वेळेला परत. ते पैसे सरांना अजून मिळाले नाहीत. आणि मार्चमध्ये 'निधी परत जातोय' म्हणून विभागात कलर प्रिंटर आला.

आवक_जावक:
मी एका कॉलेजच्या स्टोअर्समध्ये आहे. एल-वनला शिव्या देणं सोपं. इंडेंटमध्ये, म्हणजे मागणीपत्रात, 'थर्मोकपल – १० नग' एवढंच लिहून आलं तर मी काय ओळखणार, जे की के? ऑडिटचा आक्षेप निघतो तेव्हा उत्तर मला द्यावं लागतं, तुमच्या डॉक्टरसाहेबांना नाही. एकाच वस्तूची चार बिलं तोडून आणणारेही हेच, बिनकोटेशन खरेदीच्या मर्यादेत बसावं म्हणून.

नागदेवी_रिटर्न:
तोडतो, कारण अख्खं मागितलं तर बॅच पास आउट होते!

एक_सही_बाकी:
जून २०२५ मध्ये केंद्राने बिनकोटेशन थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख केली आणि संशोधनाच्या वस्तू जेम या सरकारी खरेदी पोर्टलबाहेरून घ्यायची मुभा संचालक-कुलगुरूंना दिली. रडगाणं जुनं झालं.

आवक_जावक:
ती केंद्राच्या वैज्ञानिक खात्यांना आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना. पवईच्या आयआयटीला विचारा, खूश असतील. आम्ही राज्याचे.

एक_सही_बाकी:
बरं, तेवढं तुमचं. पण जीएसटीचं बोला. संशोधन संस्थांची ५ टक्क्यांची सवलत जुलै २०२२ मध्ये गेली, आता बहुतेक यंत्रांवर १८. ग्रँट तेवढीच, यंत्र महाग. त्यावर एकाही निवृत्त सरांची पोस्ट दिसली नाही.

खडू_आणि_डस्टर:
धागा निष्ठेचा होता, तुम्ही त्याचं स्टोअर केलंत. खरेदी आमच्याही वेळी अशीच होती. मी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून स्वतः सर्किट जोडलं होतं.

अर्धवेळ_मास्तर:
आणि बिल? आता जीएसटी नंबर नसलेलं बिल अकाउंट्समधून त्याच पावली परत येतं. सर, तुम्ही जोडलेल्या सर्किटचं कौतुक आहेच. तुमच्या विद्यार्थ्यांनी जोडलेल्यांवरच्या पेपरांत पहिलं नाव कुणाचं होतं?

खडू_आणि_डस्टर:
विद्यार्थ्याचं. दरवेळी. विचारा कुणालाही. असले घाणेरडे आरोप करायला लाज वाटायला हवी.

अर्धवेळ_मास्तर:
मग तुम्ही अपवाद, नमस्कार. माझ्या पहिल्या पेपरवर पहिलं नाव एचओडीचं होतं आणि त्यांना भट्टी कुठल्या खोलीत आहे हेही ठाऊक नव्हतं.

बदलापूर_स्लो:
सर, कुलपाचं काय ते सांगा.

खडू_आणि_डस्टर:
साडेसातला कुलूप ही मूर्खपणाची गोष्ट आहे, मान्य. मी विभागप्रमुख असताना रात्री अकरापर्यंत लॅब उघडी असायची. बाकी एक अक्षर मागे घेत नाही.

नागदेवी_रिटर्न:
अकरानंतर बदलापूरला पोचायचं कसं, तेही लिहा सर.

आवक_जावक:
भाऊ, के-टाईपचा इंडेंट नव्याने टाका. तापमानाची रेंज, शीथचं, म्हणजे बाहेरच्या नळीचं, मटेरियल, लांबी, सगळं लिहा. आणि फेब्रुवारीच्या आत. मार्चमध्ये आला तर मीही प्रिंटरच घेईन.