गेममधले लांबचे डोंगर: तुमचे अनुभव लिहा

मंडळी, साताऱ्यात वाढलेल्या माणसाला लांबवर बघायची सवय असते. आमच्या गच्चीवर उभं राहिलं की समोर अजिंक्यतारा. पाऊस उघडला की तटाखालची झुडपंसुद्धा वेगवेगळी दिसतात. म्हणूनच गेममध्ये शंभर पावलांपुढचं झाड अचानक उगवलं की माझं खेळातलं लक्ष उडतं. तुम्ही त्यावर काय उपाय केलेत? कुठलं सेटिंग कितीवरून कितीवर नेलं, ते आकड्यांसकट लिहा. अंगाशी आलेलंही लिहा.

सुरुवात मीच करतो. स्कायरिम हा गेम तुमच्याभोवतीचे जमिनीचे ५ बाय ५, म्हणजे २५ चौकोन पूर्ण तपशिलात भरतो, त्यापुढचं सगळं जाडंभरडं. त्याच्या सेटिंगच्या आयएनआय फाइलमध्ये यूग्रिड्सटूलोड अशी ओळ असते. तिथे ५ चे ७ केले, मग हाव सुटली आणि ९ केले. म्हणजे ८१ चौकोन! समोरच्या उतारावरचे दगड, कुंपणं, सगळं दिसायला लागलं. तिसऱ्या दिवसापासून गेम मधेच बंद पडू लागला. परत ५ केले, तर ९ वर सेव्ह केलेला खेळ उघडेना. शेवटी ९ वरच उघडला, तो चालू असतानाच फाइल बदलली, गेमच्या कन्सोलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) रिफ्रेशआयएनआय टाइप केलं आणि नव्याने सेव्ह केला, तेव्हा सुटलो. आता त्या ओळीला हात लावत नाही. दूरच्या झाडांसाठी डिनडोलॉड हा मॉड, म्हणजे गेममध्ये बाहेरून घालायची भर, वापरतो.

कराडहून
माझे वडील तीस वर्षं ट्रकवर होते. गुडघ्यामुळे गाडी सुटली, म्हणून त्यांना युरो ट्रक सिम्युलेटर २ लावून दिला. पाच मिनिटं चालवला आणि म्हणाले, "अरे, लांबचा रस्ता पुसट का दिसतोय? ड्रायव्हर बोनेटपुढं बघत नसतो, वळणाकडं बघतो. खंबाटकीत असं दिसलं असतं तर गाडी दरीत गेली असती."

मी वाकून पाहिलं. जवळचे पांढरे पट्टे स्वच्छ होते, पण थोडं पुढे गेले की डांबरात विरघळल्यासारखे. रस्ता आपल्याला तिरका दिसतो, म्हणून त्याचं टेक्श्चर, म्हणजे त्यावर चढवलेलं चित्र, लांबवर असं पुसट होतं. अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग, म्हणजे तिरकी टेक्श्चर लांबवरही स्वच्छ ठेवणारं सेटिंग, पार खाली होतं, ते शेवटपर्यंत वर नेलं. गेमच्या वेगात काही फरक पडला नाही. आबा काही बोलले नाहीत, नुसते खुर्चीत पुढं सरकून बसले आणि तिसरा गिअर टाकला. बाकी काही करण्याआधी हे करा, अगदी जुन्या ग्राफिक्स कार्डवरसुद्धा.

मूळचा साताऱ्याचा, सध्या पुण्यात
फ्लाइट सिम्युलेटर २०२० मध्ये पहिलं उड्डाण साताऱ्यावरूनच केलं. यवतेश्वरचा डोंगर मेणाच्या गोळ्यासारखा! टेरेन लेव्हल ऑफ डिटेल, म्हणजे जमिनीच्या तपशिलाचं सेटिंग, १०० वरून ३०० केलं, तर एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) निम्म्यावर. डेव्हलपर मोडमध्ये 'मेन थ्रेड' अडल्याचं दिसत होतं, म्हणजे दम लागला होता सीपीयूला, कॉम्प्युटरच्या मुख्य प्रोसेसरला, आणि मी मात्र नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायला निघालो होतो. २०० वर थांबलो, पैसे वाचले. एक राहिलंच: यात जमिनीची चित्रं इंटरनेटवरून येतात. नेट मंद असेल तर सेटिंग कितीही वर न्या, डोंगर गुळगुळीतच.

वाईहून
जीटीए सॅन अँड्रियास हा गेम. ड्रॉ डिस्टन्सची, म्हणजे किती लांबचं दिसावं याची, पट्टी पूर्ण उजवीकडे. सायबर कॅफेतलं मशीन रडायचं, पण त्यातल्या माउंट चिलियाड डोंगरावरून खाली बघायला मी तासाचे पैसे आनंदाने मोजले आहेत.

शाहूपुरीतून
आठवीतल्या लेकीने माइनक्राफ्टमध्ये टेकडीवर घर बांधलं, आणि दुसऱ्या टेकडीवरून ते दिसत नाही म्हणून रुसून बसली. रेंडर डिस्टन्स, म्हणजे जग किती लांबपर्यंत दिसतं ते, १२ चंक होतं. एक चंक म्हणजे १६ ठोकळे, म्हणजे दोनशेच्या आतच जग संपायचं. मी २४ केलं. अंतर दुप्पट केलं की क्षेत्र चौपट होतं, हे लक्षातच आलं नाही, आणि लॅपटॉप तापून पंखा ओरडायला लागला. मग भाच्याने डिस्टंट होरायझन्स हा मॉड घालून दिला. तो लांबचं जग ढोबळ ठोकळ्यांत काढतो, म्हणून रेंडर डिस्टन्स परत १२ वर आणता आलं. गेमला दिलेली मेमरी मात्र २ जीबीवरून ४ करावी लागली. काल रात्री पोळ्या लाटत होते, तेवढ्यात आतून हाक आली, "आई, ये लवकर, दिव्यासकट दिसतंय!"