मदत हवी: खुनी भूत आहे, तपास पुराव्यानं लागायला हवा

धोटा_बॉबिन: कादंबरी अडकलीय. सोलापूर, साल 2071. पाणी कार्डावर मिळतं, कार्ड रद्द झालं की माणूस नागरिक राहत नाही. शहरात खून पडायला लागतात. तपास करणारी फौजदार बाई आहे, खून करतंय भूत. बाई पुराव्यानं भुतापर्यंत पोचली तर वाचक म्हणणार फसवलं. नाही पोचली तर भूत आणलंच कशाला? महिनाअखेर हस्तलिखित द्यायचंय. 'आधी भरपूर वाचा' असले सल्ले नकोत.

कडकभाकरी: खून होतात कसे?

धोटा_बॉबिन: बुडून. अजून काय असणार?

कडकभाकरी: ते आम्हाला स्वप्नात दिसणार होतं का? आणि पाणीच कार्डावर, तर बुडतात कशात?

धोटा_बॉबिन: अहो तीच तर गंमत आहे. बंद खोलीत, कोरड्या फरशीवर मयत सापडतो. फुफ्फुसात पाणी.

तिखट_मास्तर: माझं स्पष्ट मत, भूत काढा. गुन्हा, उद्याचं जुलमी राज्य आणि वर भूत, एका तव्यावर तीन भाकऱ्या भाजायला गेलात तर तिन्ही कच्च्या राहतात.

पूर्वभाग: भूतच तर पायजे की ओ मास्तर! काढायचं तर ते 2071 काढा. आमच्या गल्लीत पाणी आत्ताच कार्डावर मिळाल्यासारखं येतंय.

गुळपोळी७: आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा नंबर, घेतलात का? भारतात तो राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, एजंटला पैसे देऊ नका. आणि मजकूर युनिकोडमध्येच ठेवा, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधून बदलताना जोडाक्षरांची वाट लागते.

धोटा_बॉबिन: हे मी विचारलंय का?

शवागार_निवृत्त: पोस्टमॉर्टेमच्या टेबलाशी बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सांगतो. तुमचा पुरावा मयताच्या मांडीच्या हाडात आहे. नदी-तळ्याच्या पाण्यात डायाटम नावाची सूक्ष्म शेवाळं असतात, त्यांना सिलिकाचं कवच असतं. माणूस जिवंतपणी बुडला तर ती फुफ्फुसातून रक्तात आणि रक्तातून हाडाच्या मज्जेत जातात. मेल्यावर पाण्यात टाकला तर सहसा जात नाहीत, कारण रक्त फिरत नसतं. मज्जा नायट्रिक आम्लात उकळली तरी कवचं टिकतात. मग संशय असलेल्या पाण्याचा नमुना घेऊन जाती जुळवायच्या. कोर्टात वकील यावर भांडतात, पण कादंबरीला पुरेसं आहे. खोली कोरडी, हाडात मात्र एका ठरावीक जलाशयाचं पाणी.

पूर्वभाग: उजनी!! 1980 च्या सुमारास धरण झालं तेव्हा पळसदेवचं जुनं मंदिर पाण्यात गेलं. धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे वापरायचं पाणी संपलं, की अजून वर येतंय. भूत तिथलंच.

तिखट_मास्तर: पळसदेव इंदापूर तालुक्यात, म्हणजे पुणे जिल्ह्यात. सोलापूरच्या कादंबरीत भूतही बाहेरचंच का? आपल्याकडे 1930 चा मार्शल लॉ आहे, चार हुतात्मे आहेत.

पूर्वभाग: हुतात्म्यांना भूत करतो का बे? काय बोलायलाव! आणि त्यांना फाशी येरवड्यात झाली, 12 जानेवारी 1931. बुडाले कुठं? उजनीत 117 टीएमसी पाणी मावतं, त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा. पितो आपण तेच, मग भूत बाहेरचं कसं?

कायद्याचं_बोला: 302 लिहू नका. 1 जुलै 2024 पासून खुनाला भारतीय न्याय संहितेचं 103 लागतं.

कडकभाकरी: 2071 पर्यंत तेही बदललेलं असेल हो. धोटासाहेब, वाचकाला फसवल्यासारखं वाटतं ते भूत आहे म्हणून नाही, ते शेवटी उगवतं म्हणून. पहिल्या मयताच्या पंचनाम्यातच ठेवून द्या: फरशी कोरडी, माठावरचं झाकण जागेवर, उजव्या हाताच्या नखांत काळा गाळ. भूत काय करू शकतं आणि काय नाही हे तिथंच ठरवा, मग नियम मोडू नका. बाकी ते मेलंय कुठं, आणि त्याला हवंय काय?

धोटा_बॉबिन: कार्ड रद्द झालं म्हणून तिनं रात्री कालव्यातून पाणी चोरलं, पहारेकऱ्यांनी ढकललं. मरतायत ते सगळे त्या पहाऱ्यावरचे. ती फौजदार बाईची आई आहे.

कडकभाकरी: आई???

तिखट_मास्तर: हे पहिल्या ओळीत का नाही सांगितलं?

धोटा_बॉबिन: ते उघडच आहे ना.

शवागार_निवृत्त: कालव्याचं पाणी वाहतं असतं, धरणापेक्षा त्यातल्या जाती थोड्या वेगळ्या निघतील. अहवाल हातात आला की बाईला कालवाच दिसणार, आणि आई कुठं गेली हे तिला ठाऊक आहे.

कडकभाकरी: मग ती भुतापर्यंत पोचते का, हा प्रश्नच उरत नाही. अहवाल फायलीला लावते की फाडते, तेवढं लिहा. मी असते तर फाडला असता.

पूर्वभाग: मी लावला असता. पहारेकऱ्यांचीपण पोरंबाळं असतीलच की.

धोटा_बॉबिन: थांबा, चर्चा नंतर करा. मास्तर नाही, शवागारवाले काका, अहवाल यायला किती दिवस लागतात? लवकर सांगा.

शवागार_निवृत्त: आत्ता, की 2071 मध्ये?