टॅक्स्या गेल्या आणि आमची पद्मिनी महागली

पाचपाखाडीकर (धागाकर्ता)

जूनमध्ये आमच्या प्रीमियर पद्मिनीचं आरसी नूतनीकरणाला येतंय. गाडी १९८६ ची, वडिलांनी घेतलेली, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली. २०२१ मध्ये याच कामाची सरकारी फी ६०० रुपये भरली होती. एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाडीला १०,०००. मधली पायरी न चढताच आम्ही एकदम गच्चीवर. वर पाच वर्षांचा पर्यावरण कर ३,०००, नव्या नंबरप्लेटचे ७४५ अधिक जीएसटी आणि दरवर्षी थर्ड पार्टी विम्याचे ३,४१६ अधिक जीएसटी.

पण मला फीचं रडगाणं गायचं नाहीये. दहा हजार पाच वर्षांत वाटले तर महिन्याला १६७ रुपये पडतात, तेवढ्यात ठाण्यात राम मारुती रोडला दोघांचा धड नाश्ताही होत नाही. खरा खर्च सुट्या भागांचा आणि हाताचा आहे, आणि तो का वाढला यावर माझं एक मत आहे. ते खोडून काढा.

पद्मिनी सांभाळायला स्वस्त होती ती साधी गाडी होती म्हणून नव्हे, टॅक्सी होती म्हणून. नव्वदच्या दशकात मुंबईत साठ हजारांच्या आसपास काळ्या-पिवळ्या धावत होत्या आणि त्यातल्या बहुतेक पद्मिनीच. टॅक्सीवाल्याला गाडी उभी ठेवून परवडत नाही. त्यामुळे सकाळी गेलेला क्लच संध्याकाळी बसायचा, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंगपिन सेटचे (पुढची चाकं ज्यावर वळतात त्या खिळ्यांचे) खोके थप्पीने असायचे, आणि आमच्यासारखे घरगुती गाडीवाले त्या गंगेत हात धुऊन घ्यायचे. मग २००८ मध्ये पंचवीस वर्षांवरच्या टॅक्स्या बंद झाल्या, २०१३ मध्ये ती मर्यादा वीसवर आली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. तिची वीस वर्षं २०२३ च्या ऑक्टोबरात भरली. त्यानंतर मी किंगपिन सेट आणायला गेलो. बारा वर्षांपूर्वी साडेचारशेला घेतलेला तोच सेट दुकानदाराने फडक्यातून दागिन्यासारखा बाहेर काढला. म्हणे २,८००. घासाघीस करायला लागलो तर म्हणाला, "साहेब, आता विंटेज आयटम आहे."

त्याला 'विंटेज' हा शब्द शिकवला कोणी? ज्यांनी गाड्या गुळगुळीत करून मॉलच्या दारात उभ्या केल्या त्यांनी. गाडी रोज चालवणारे उरलो असतो तर भाग बनत राहिले असते. शोपीसवाल्यांनी आमची वाट लावली.

घणसोलीचा_प्रवासी

स्पष्ट बोलू का? भंगारात द्या.

रागावू नका, पण तुम्ही फी १६७ रुपयांत बसवलीत आणि पार्किंगचं नावही घेतलं नाहीत. ठाण्यात गाडी उभी करायची जागा हाच सगळ्यात महागडा सुटा भाग आहे. आमच्याकडे सेक्टरमध्ये रात्री दहानंतर आलात तर दोन चकरा मारून तिसऱ्या गल्लीत गाडी लावावी लागते, आणि तिथे एक चाकं बसलेली जुनी सेडान सहा वर्षं कव्हर घालून उभी आहे. मालकाच्या 'भावना' आहेत म्हणे. त्याच्या भावनांची किंमत आम्ही रोज पायी चालून मोजतोय.

दुसरं, धूर. बीएस-२ (भारत स्टेज-२) हे धुराचे निकष येण्याआधीच्या पेट्रोल गाडीला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, बीएस-२ आणि बीएस-३ च्या गाडीला ०.५ टक्के. म्हणजे कायद्यानेच तुम्हाला सहापट मुभा दिलीय. ती मुभा वापरायची तर दहा हजार काय जास्त झाले?

पाचपाखाडीकर

गाडी वर्षाला जेमतेम आठशे किलोमीटर चालते. तुमची रोजची घणसोली-अंधेरी किती होते? आणि गाडी सोसायटीच्या आत, आमच्या नावच्या जागेत असते. गल्लीत नाही.

घणसोलीचा_प्रवासी

आठशे किलोमीटर! मग वरच्या पोस्टमध्ये 'रोज चालवणारे आम्ही' कोण होते?

नौपाड्याची_मैना

हाहा, धागाकर्ते पकडले गेले.

वागळे_लेथ

तीस वर्षं इंजिनाची कामं करतोय. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग. पद्मिनी शेकड्याने केल्या. म्हणून बोलतो.

पाचपाखाडीकरांचं टॅक्सीबद्दलचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. भाग टॅक्सीमुळे मिळायचे हे खरं. पण हात स्वस्त होते ते टॅक्सीमुळे नाही. गॅरेजात बारा-पंधरा वर्षांची पोरं असायची, गावाकडून आलेली, दोन वेळचं जेवण आणि सणाला कपडे. मी त्यातलाच. वर्षभर मी फक्त रॉकेलमध्ये भाग धुतले. तुमचं १९९५ चं बिल कमी होतं कारण माझं नाव त्या बिलात नव्हतं. आता मी माझ्या मुलाला तसं ठेवणार नाही आणि दुसऱ्याच्या मुलालाही नाही. तर मजुरी वाढली याचं दुःख मला सांगू नका.

हात का मिळत नाहीत तेही सांगतो. मागच्या महिन्यात एक पद्मिनी आली, चढावर दम टाकते म्हणून. दुकानातला मुलगा स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडून बिघाड वाचायचं यंत्र) घेऊन आला आणि डॅशबोर्डखाली सॉकेट शोधत बसला. सॉकेट कुठून असणार? मी डिस्ट्रिब्युटरचं (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाचं) कॅप काढलं. पॉइंटवर एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला उंचवटा, तांदळाच्या कणीएवढा. पॉलिश पेपरची पट्टी दुमडून दोन्ही बाजू घासल्या, गॅप लावला, मग स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर आणि मूठ कानाला लावून टॅपेट (इंजिनाच्या झडपा हलवणारे भाग) ऐकले. वीस मिनिटांचं काम. किती मागायचे? दोनशे मागितले तर मला परवडत नाही, हजार मागितले तर गिऱ्हाईक म्हणतं काहीच तर बदललं नाही. भाग बदलला की लोक पैसे देतात, कानाचे पैसे कोणी देत नाही. म्हणून पोरं स्कॅनर शिकतात.

आणि टॅक्सीचे भाग फार चांगले होते असंही नाही. निम्मा माल डुप्लिकेट. सहा महिन्यांत परत यायचा.

पाचपाखाडीकर

वागळे_लेथ, बिलाचं लागलं मनाला. हे कधी या बाजूने बघितलं नव्हतं.

खारघर_क्लासिक

मी तो शोपीसवाला, बोला!

माझ्या पद्मिनीवर आतापर्यंत ४ लाख ६० हजार गेलेत. गाडी घेतली होती ५५ हजारांना. बायकोला आकडा ३ लाख माहीत आहे, तेव्हा ही पोस्ट इथेच राहू दे. आता उत्तर.

टॅक्सीवाल्याने आयुष्यात काय विकत घेतलं? क्लच प्लेट, ब्रेक शू, किंगपिन, रिंगा. त्याने कधी दाराचं बीडिंग घेतलं? पुढच्या त्रिकोणी काचेचं रबर? मागच्या दिव्याची लाल काच? फुटली तर लाल सेलोटेप लावून चालवायचा. म्हणजे तुमच्या सोन्याच्या काळातही हे भाग बाजारात नव्हतेच. आज जे रबर मिळतंय ते आम्ही मिळवलंय. आम्ही अकरा जणांनी वर्गणी काढून एक जुनं रबर नमुना म्हणून दिलं, डाय (साचा) बनवून घेतली आणि पन्नास जोड काढले. एकट्याने करायचं तर डायच्या खर्चात गाडी आली असती. उरलेले जोड कोणी घेतले? तुमच्यासारख्या 'चालवणाऱ्यांनी', आणि वर भाव कमी करा म्हणून हुज्जत घातली.

सप्टेंबर २०२५ मध्ये सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आला. आम्ही पक्कं बिल घेतो, आम्हाला फरक दिसला. कच्च्या चिठ्ठीवर माल घेणाऱ्यांना कुठून दिसणार?

कोपरीचा_बाळ्या

एक शंका. गाडी विंटेजमध्ये नोंदवली तर ही सगळी झंझट सुटते ना?

खारघर_क्लासिक

नाही रे भावा. २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं व्हावी लागतात आणि गाडी मूळ रूपात असावी लागते. नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, 'व्हीए' अक्षरांचा नंबर. पण मग गाडी नेहमीसारखी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. संध्याकाळी तलावपाळीला कुल्फी खायला नेलीत तर नियमात बसत नाही.

आणि पाचपाखाडीकरांच्या गाडीला पन्नाशी गाठायला अजून दहा वर्षं आहेत.

घणसोलीचा_प्रवासी

म्हणजे सरकारचंही म्हणणं तेच. एक तर वस्तुसंग्रहालय, नाहीतर भंगार. मधलं काही नाही.

लुईसवाडी_सुमती

सगळे पुरुष पद्मिनीवर भांडताहेत म्हणून आमच्या मारुती ८०० ची बाजू मांडते. १९९३ ची, कार्बोरेटरची. मीच चालवते. ह्यांना क्लच जमत नाही.

पाचपाखाडीकरांचा टॅक्सीचा मुद्दा मला पूर्ण पटला, कारण आमची ८०० आजही स्वस्तात चालते ती ओम्नीमुळे. ८०० स्वतः १९८३ च्या डिसेंबरपासून २०१४ च्या जानेवारीपर्यंत बनत होती आणि तेच ७९६ सीसीचं घराणं ओम्नीत २०१९ पर्यंत चाललं. शाळेच्या व्हॅन, भाजीवाले, केटररवाले, सगळे त्यावर. जोवर त्या रस्त्यावर आहेत तोवर माझं वॉटर बॉडी (इंजिनाचा पाण्याचा पंप) कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणार. त्या गेल्या की माझीही पद्मिनी होणार, हे मी धरून चाललेय.

पण एक खर्च कोणीच लिहिला नाही. पेट्रोल. २० टक्के इथेनॉल आल्यापासून जुन्या गाड्यांच्या रबराचं काय होतं ते बघा. मागच्या पावसाळ्यात सकाळी दार उघडलं की पेट्रोलचा वास. गॅरेजवाल्याने दोनदा कार्बोरेटर साफ करून पैसे घेतले. तिसऱ्यांदा मीच टॉर्च घेऊन वाकले. पंपापासून कार्बोरेटरला जाणारा होज बोटाने दाबला तर साबुदाण्याच्या पापडासारखा मऊ, आणि क्लिपच्या खाली केसाएवढी चीर. बाजूलाच तापलेलं इंजिन! इथेनॉल चालणारा नवा होज साडेतीनशेला मिळाला. आणखी काही नाही झालं, पण महिनाभर चीर न दिसता चालवली असती तर? तेव्हा दहा हजाराच्या फीवर भांडण्याआधी प्रत्येकाने आपापले होज दाबून बघा.

(अवांतर: आम्ही २०२३ ला ५,००० भरले. २०२८ ला दहा. ह्यांनी तो आकडा ऐकला आणि आवंढा गिळला.)

वागळे_लेथ

सुमतीताई, शंभर टक्के. आणि गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर टाकीत असं पेट्रोल ठेवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आपल्याकडच्या पावसात तर विचारू नका. कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये पांढरा थर साचतो.

कळव्याचा_केळकर

खारघरवाल्यांनी शोपीसची बाजू मांडली ती ठीक, पण 'रिस्टोरेशन' या नावाखाली काय चालतं तेही लिहा. घोडबंदर रोडवरच्या एका गॅरेजला पत्रा आणि रंगाचे १ लाख ८० हजार दिले. चार महिन्यांचे अकरा झाले. गाडी मिळाली तेव्हा आरशासारखी. पहिल्याच पावसाळ्यानंतर मागच्या चाकाच्या कमानीवर फोड आले, पुरीसारखे. फ्रिजवरचं लोहचुंबक हातरुमालात गुंडाळून (ओरखडा नको म्हणून) कमानीवर फिरवलं. वर चिकटलं, खाली येताच गळून पडलं. पत्राच नव्हता हो! गंजलेल्या भोकावर जाळी आणि त्यावर बोटभर जाड लांबी, म्हणजे पुट्टी. मॅट उचलून बघितलं तर ड्रायव्हरच्या पायाखालीही तेच, जुन्या पत्र्यावर नुसता काळा रंग.

बाजारात चालकही नाही आणि हौशीही नाही, सगळ्यात जास्त कमावतो तो लांबीवाला.

खारघर_क्लासिक

हे मान्य. मी रंगाच्या आधी उघड्या पत्र्याचे फोटो मागतो, आठवड्याला एक चक्कर मारतो. अर्धं रिस्टोरेशन म्हणजे पहारा.

घणसोलीचा_प्रवासी

बरं, मी एवढंच विचारतो. पाच लाख घालून, दर आठवड्याला पहारा देऊन, होज दाबून, वर्षाला आठशे किलोमीटर. तेवढ्या पैशात एखादी नवी छोटी गाडी एसीसकट दारात आली असती. यात 'परवडत नाही' ही तक्रार कशी बसते? हौस आहे म्हणा, विषय संपला. हौसेला सवलत मागू नका.

पाचपाखाडीकर

सवलत मी मागितलीच नव्हती, वर जाऊन परत वाचा. पण 'हौस' म्हणून विषय संपवू नका. आमच्या इमारतीचं पुनर्विकासाचं पत्र आलंय. नव्या इमारतीत यांत्रिक पार्किंग, म्हणजे गाडी पाळण्यात चढवायची. पद्मिनीला पुढे सलग सीट, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, हँडब्रेक डॅशबोर्डखाली, आणि तो धरेल याची मलाच खात्री नाही. तिसऱ्या मजल्यावरून ती घरंगळली तर तुमच्या धुराच्या मर्यादेचा प्रश्न सुटेल.

शोपीसवाल्यांवर टाकलेला ठपका मागे घेतो. निदान रबरापुरता. टॅक्सीच्या मुद्द्यावर ठाम आहे, आणि सुमतीताईंनी तोच जास्त नीट मांडला. वागळे_लेथ, रविवारी दुकान उघडं असतं का? टॅपेटचा आवाज येतोय. जे मागाल ते देईन, भाग बदलला नाही तरी.

खारघर_क्लासिक, त्रिकोणी काचेचा एखादा जोड उरलाय का? भावावर हुज्जत घालणार नाही असं वचन मात्र देत नाही.

खारघर_क्लासिक

डावीचं उरलंय, उजवीचं संपलं.

पाचपाखाडीकर

मला उजवीचंच हवं होतं!

वागळे_लेथ

रविवारी सकाळी नऊला या. इंजिन थंड असताना आणा, घरून लगेच निघून तापवत आणू नका. आल्यावर अर्धा तास थांबावं लागेल. चहा समोर चांगला मिळतो.