मदत हवी आहे : बदली संगीत शिक्षक, आठवीचा वर्ग आणि पुढची वाट

फोंड्याजवळच्या हायस्कुलात जूनपासून बदली शिक्षिका म्हणून आहे. चाळीस मिनिटांच्या तासाला पेटी एकच. आठवीत निम्म्या मुलग्यांचे आवाज फुटलेले. काळी चारला (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला) सा धरला की मुली मोकळ्या गातात, पण हे मुलगे तारसप्तकात (वरच्या सप्तकात) ओरडतात, खाली उतरले तर मंद्रात (खालच्या सप्तकात) आवाजच पोचत नाही. काळी एकला मुलगे सप्तक खाली राहून निभावतात. मुलींचा तार सा मात्र ताणला जातो. म्हणून सध्या भूप रागातली, मधल्या सप्तकातल्या धपर्यंतचीच गाणी घेते. याहून बरा उपाय?

पावसात तबल्याची शाई दमट होऊन बसते, ते वेगळंच!

दुसरं : गायनाची विशारद परीक्षा झाली आहे. कायम नोकरीसाठी पणजीतल्या आल्तिन्योच्या संगीत महाविद्यालयाची पदवी करावी, की अलंकार (विशारदच्या पुढची परीक्षा) करून खासगी वर्ग काढावेत? चतुर्थीतल्या भजनांची साथ दोन्हींत सांभाळता येईल का?